जुलैत पालवी, दिवाळीत खराटा: हलवलेलं मोठं झाड उशिरा का वाळतं?

दसरा उरकला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, झाड लागलं होतं हो. जुलैत काय पालवी फुटली होती! आता आठ दिवसांत सगळी पानं करपली." कधी माजिवड्याहून, कधी कोलशेतहून, कधी खाडीपलीकडच्या सीवूड्सहून. झाड वेगळं, सोसायटी वेगळी, हकिगत मात्र तीच. मृगाच्या पावसानंतर क्रेनने हलवलं, पावसात हिरवं झालं, कमिटीने फोटो काढले, कंत्राटदाराचं बिल निघालं आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं तसं झाड बसलं.

मी दापोलीला उद्यानविद्या शिकले आणि सोळा वर्षं ठाणे-नवी मुंबईत बागांची कामं घेते. झाडं हलवण्याची कामं त्यात थोडी. दुसऱ्यांनी हलवलेली, अर्धमेली झाडं बघायला जाणं जास्त. तेव्हा एकदा सगळं लिहून काढते.

आधी त्या पालवीचं. मोठं झाड उपटताना पाणी शोषणारी बारीक तंतुमुळं बहुतेक सगळी मागे, जुन्या जागेत राहतात. ती बुंध्याजवळ नसतातच, दूर टोकांना असतात. तरीही झाड फुटतं, कारण खोडात आणि जाड मुळांत पिष्ट साठवलेलं असतं. त्या साठ्यावर पहिली पालवी येते. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पानांतून पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे नवी मुळं फुटली नसली तरी कुणाला कळत नाही. तोडलेल्या शेवग्याच्या ओंडक्यालाही अंगणात पडल्या पडल्या धुमारे फुटतात, तसंच हे. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की पानं पाणी मागतात, खाली द्यायला कुणी नसतं, आणि साठा तर पालवीत खर्च झालेला.

म्हणून झाड आत्ता करपलं असलं तरी चूक आत्ताची असेलच असं नाही. ती जूनमधली असू शकते, कधी कधी त्याच्याही आधीची.

फोन करण्याआधी दहा मिनिटं झाडाजवळ उभे राहा

सोबत एक बोटभर जाडीची, तीन-चार फुटी लोखंडी सळई आणि एक चाकू घ्या.

पहिलं, साल. बारीक फांदीच्या टोकापासून सुरू करून खाली खाली येत दर दोन हातांवर नखाने किंवा चाकूने सालीचा पातळ पापुद्रा काढा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर तिथपर्यंत जीव आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर तो भाग गेला. टोकं वाळलेली आणि मधल्या फांद्या हिरव्या असतील तर झाड स्वतःच अंथरूण पाहून पाय पसरतंय, घाबरू नका. बुंध्याशीसुद्धा तपकिरी निघालं तर पुढचं सगळं वाचून फारसा उपयोग नाही.

दुसरं, सळई. ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच कुणी करत नाही. झाडासोबत मुळांचा जो मातीचा गोळा आला, ज्याला आम्ही हुंडी म्हणतो, त्यात सळई दोन फूट खोल खुपसा. मग हुंडीच्या बाहेर, खड्ड्यात नंतर भरलेल्या मातीत खुपसा. दोन्ही वेळा बाहेर काढून हात लावा आणि वास घ्या. हुंडीत सळई शिरतच नाही, शिरली तर कोरडी धूळ लागते, आणि बाहेर मात्र ओल आहे, हा झाला एक प्रकार. दोन्हीकडे चिखल आणि सळईला गटाराचा किंवा सडक्या अंड्याचा वास, हा दुसरा. इलाज अगदी उलटे आहेत. लोक दोन्हीला टँकर मागवतात.

तिसरं, हलवून बघा. दोघांनी खोडाला खांद्याने रेटायचं आणि तिसऱ्याने वाकून बुंध्याशी बघायचं. माती उचलली जातेय किंवा भेग उघडतेय का?

हुंडी कोरडी, आजूबाजूला ओल

माझ्या अनुभवात इथल्या निम्म्याहून जास्त तक्रारी याच असतात, आणि त्यातली एक माझी स्वतःची आहे. वाशीतल्या एका सोसायटीत मी बकुळ हलवला होता. माळी इमानदार, रोज पाइप लावायचा. पण आळं केलं होतं खड्ड्याच्या कडेने, रुंद आणि देखणं. पाणी जायचं भुसभुशीत नव्या भरावात. हुंडी होती जुन्या जागेच्या घट्ट मातीची. घट्ट मातीला पाणी हळूहळू पाजावं लागतं, आणि बाजूला पोकळ माती असली की ते आधी तिकडे पळतं. बकुळाची उरलीसुरली मुळं सगळी हुंडीत, म्हणजे पाण्यापासून वीतभर अंतरावर तहानलेली. डिसेंबरात मी सळई खुपसली तेव्हा लाज वाटली.

इलाज सोपा आहे. आळं हुंडीच्या घेराएवढंच करा, आतलं पाणी बाहेर निसटू नये असा बांध घाला. हुंडीत आठ-दहा ठिकाणी पहारीने फूटभर खोल भोकं पाडा. जाड मूळ लागलं तर जागा बदला. मग पाइपचा फवारा नको. २०० लिटरच्या ड्रमला खाली बारीक नळी लावून तो दोन-तीन तासांत रिकामा होईल असं थेंबथेंब सोडा. किती? मी खोडाच्या जाडीच्या दर सेंटिमीटरला साधारण ३ लिटर धरते. घेर ९५ सेंटिमीटर म्हणजे जाडी ३० सेंटिमीटर, म्हणजे एका वेळी ९० लिटर. ऑक्टोबर ते मे पहिल्या वर्षी हे जवळजवळ रोज. पावसाळ्यात सळई सांगेल तसं, कारण जुलैतसुद्धा आठ दिवसांची उघडीप पडते आणि तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही. वरून पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन घाला, पण खोडापासून वीतभर दूर. खोडाला चिकटलेलं ओलं आच्छादन साल कुजवतं.

पाणी कुठलं, हेही बघा. पाम बीच रोडच्या बाजूची, खाडीकाठची कितीतरी जमीन भरावाची आहे आणि तिथल्या बोअरवेलला खारट पाणी लागतं. पानांच्या फक्त कडा भाजल्यासारख्या तपकिरी आणि मधला भाग हिरवा असेल तर मला आधी मिठाचा संशय येतो. घरच्या पाण्याचा फिल्टर बसवायला येतो त्याच्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असतो, त्यात बोअरचं पाणी मोजून घ्या. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनाच्या निकषांनुसार लिटरला ४५० मिलिग्रॅमपर्यंत काळजी नाही, २००० च्या वर पाणी वापरण्यावर कडक बंधन. मधल्या आकड्यात धडधाकट झाड निभावून नेतं, नुकतं हलवलेलं नेईलच असं नाही. सोसायटीच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळालेलं पाणी पुष्कळदा या बोअरपेक्षा बरं निघतं, मात्र तेही मोजूनच.

खड्ड्याचा हौद झालाय

पोखरण रोड, येऊरच्या पायथ्याचा पट्टा, पारसिक डोंगराची बाजू: वर हातभर माती आणि खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. अशा ठिकाणी जेसीबीने खड्डा खणला की बकेटने बाजू घासून सिमेंटच्या गिलाव्यासारख्या गुळगुळीत होतात. वर भुसभुशीत माती भरली की सगळ्या आवारातलं पावसाचं पाणी त्यात येऊन बसतं. झाड जून ते सप्टेंबर पाण्यात उभं राहतं. मुळांना हवा लागते, ती मिळत नाही, मुळं कुजतात. वर पानं पिवळी पडून गळतात किंवा माती ओलीचिंब असून झाड माना टाकतं. ते बघून माळी म्हणतो, "पाणी कमी पडतंय." आणि पाइप लावतो.

यात पाणी ताबडतोब बंद. हुंडीला धक्का न लावता खड्ड्याच्या उताराकडच्या कडेला एक चर खणा, खड्ड्याच्या तळापेक्षा खोल. त्यात भोकं पाडलेला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकून भोवती खडी भरा आणि तोंड पावसाळी गटारात काढा. उतारच नसेल तर तोच पाइप खड्ड्याच्या तळापर्यंत उभा गाडायचा, वर टोपण ठेवायचं. काठी घालून पाणी किती साचलंय ते कळतं आणि छोट्या पंपाने उपसताही येतं. एका सेक्रेटरीसाहेबांनी त्या पाइपला "झाडाचा थर्मामीटर" असं नाव दिलं होतं. शास्त्रात बसत नाही, पण रोज सकाळी स्वतः काठी घालून बघायचे, आणि ते झाड जगलं.

ट्रायकोडर्मा (मूळकुजीवर वापरतात ती उपयोगी बुरशी) घातलं तर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. शेणखतात मिसळून घाला, वाईट काही नाही. पण साचलेल्या पाण्यावर ते औषध नव्हे. आणि युरिया पहिल्या वर्षी नकोच. मुळं नसलेल्या झाडाला पानं फुटायची घाई कशाला?

खोल लावलंय

बुंधा जमिनीत शिरताना हत्तीच्या पायासारखा पसरट होतो. ते पसरट दिसत नसेल आणि खोड टेलिफोनच्या खांबासारखं सरळ मातीत गेलं असेल, तर झाड खोल गेलंय. जड हुंडी पोकळ तळावर ठेवली की ती पावसात आणखी खचते. चार-सहा इंच माती चढली असेल तर हाताने उकरून पसरट भाग मोकळा करा. फूटभर खाली असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा क्रेन बोलवून उचलणं परवडतं, नंतर नाही. नवीन खड्डा करणाऱ्यांनी एवढंच करावं: हुंडीपेक्षा दीडपट-दुप्पट रुंद, पण हुंडीच्या उंचीपेक्षा खोल अजिबात नाही. तळ न उकरलेला, घट्ट. हुंडीचा माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वरच राहू द्या.

पट्ट्याने सोललेली साल

हे दुखणं फसवं. क्रेनचा पट्टा नुसता खोडाला बांधून झाड उचललं की पाच-सहा टनांचा सगळा भार सालीवर येतो. पावसाळ्याच्या तोंडावर साल रसाने सुटलेली असते, केळ्याच्या सालीसारखी सरकते. वरून फारसं काही दिसत नाही. पानांनी केलेलं अन्न आतल्या सालीतून मुळांकडे जातं. तो रस्ता तुटतो. लाकडातून पाणी मात्र वर जात राहतं, म्हणून पानं कित्येक महिने हिरवी राहतात आणि मुळं उपाशी मरतात. छातीच्या उंचीला खोडाभोवती पट्टा बांधल्यासारखी खूण आणि तिच्या वरच्या बाजूला फुगवटा दिसला की समजायचं. घेराच्या एक तृतीयांशापेक्षा कमी साल गेली असेल तर कडा धारदार चाकूने साफ करून सोडून द्या, झाड हळूहळू भरून काढतं. सगळीकडून गेली असेल तर उपाय नाही.

उचलायचं ते हुंडीखालून. रुंद नायलॉनचे पट्टे हुंडीखाली, आणि खोडाला फक्त तोल सांभाळण्यापुरता एक, बारदानाच्या चार घड्या घालून. तार किंवा साखळी कुणी आणली तर काम थांबवा. मी थांबवलंय, शिव्याही खाल्ल्यात.

डुलणाऱ्या झाडाचं थोडक्यात: तीन बाजूंनी आधार, खोडाला लागेल तिथे सायकलची ट्यूब. नवं मूळ धाग्याएवढं असतं, वाऱ्याने हुंडी हलली की तुटतं. आधार वर्षभराने सैल करा, नाहीतर तोच गळफास होतो. आणि खोडावरच्या भोकांतून भुसा पडत असेल तर खोडकिडा आहे. अशक्त झाडावर तो येतोच. तारेने अळी ओढून काढा, भोक चिखलाने बुजवा आणि मूळ कारण शोधा.

बोडकं करायचं का?

यावर माझं आणि आमच्या मुकादमांचं पटत नाही. त्यांचं म्हणणं, पानं कमी तर तहान कमी. सगळ्या फांद्या उडवून ठोंब करायचा, वर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) फासायची. वड, पिंपळ, उंबर हे सहन करतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं पुष्कळदा खरं ठरतं. पण नवी मुळं फुटायला लागणारं अन्न आणि संप्रेरक पानांतच तयार होतं. सगळी पानं काढली तर साठ्यावरच सगळा भार. आंबा, बकुळ यांना हे झेपत नाही. मी वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि वाहतुकीला आड येणारं तेवढं काढते, फार तर पाव ते एक तृतीयांश. ठोंबाचा आणखी एक त्रास चार-पाच वर्षांनी कळतो. कापाच्या कडेला झुबक्याने आलेले फुटवे वरवर चिकटलेले असतात. ते जाड होतात आणि एखाद्या जुलैच्या वादळात गाडीवर येतात.

सावलीत वाढलेलं खोड एकदम उघड्यावर आलं की ऊन सालीला भाजतं. जुन्या जागेवर उत्तरेच्या बाजूला खडूने खूण करून नव्या जागी तीच बाजू उत्तरेला ठेवा. ते राहून गेलं असेल तर खोडाला चुना लावा किंवा बारदान गुंडाळा.

अजून हलवलं नसेल तर

तुम्ही नशीबवान. वरचे निम्मे त्रास इथेच टळतात.

परवानगी आधी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं 'तोडणं' या व्याख्येतच येतं, त्यामुळे हलवण्यालाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते, झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं, त्याची छाननी अधिक कडक. हा वेळ वाया जात नाही, कारण मुळांनाही तेवढाच वेळ हवा असतो.

हुंडीचं माप: खोडाच्या जाडीच्या आठ ते दहा पट रुंदी. ३० सेंटिमीटर जाडीच्या झाडाला कमीत कमी २.४ मीटर. खोली मीटरभर पुरते. अशी हुंडी खाली निमुळती धरली तरी सव्वातीन-साडेतीन घनमीटर माती, म्हणजे साडेपाच-सहा टन, वर झाड वेगळं. "चौदा टनी हायड्रा (छोटी चालती क्रेन) आणतो" असं कंत्राटदार म्हणाला तर विचारा, बूम, म्हणजे क्रेनचा हात, किती लांबवावा लागेल? तो १४ चा आकडा बूम जवळ असतानाचा असतो. कुंपणापलीकडून उचलायचं असेल तर क्षमता झपाट्याने घटते. मधेच उचल जमत नाही म्हणून हुंडी छाटून बारीक करतात, ते इथेच.

मुळं टप्प्याटप्प्याने तोडा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ठरलेल्या हुंडीच्या अर्ध्या घेराभोवती फूट-सव्वा फूट रुंद चर. अंगठ्याहून जाड मुळं करवतीने, स्वच्छ. जेसीबीने नको, तो मूळ कापत नाही, ओढून आतपर्यंत चिरतो. चरात वाळू, माती, शेणखत भरून ओल ठेवायची. उरलेला अर्धा घेर फेब्रुवारीत. कापलेल्या टोकांतून झुपक्याने बारीक मुळं फुटतात आणि झाड हलवताना ती सोबत यायला हवीत. म्हणून शेवटचं खोदकाम पहिल्या कापापासून वीतभर बाहेरून करायचं. पुष्कळ जण बरोबर त्याच रेषेवर खणतात आणि आठ महिन्यांची कमाई चरातच टाकून येतात.

हलवायचं जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैत, उघडीप बघून. धो धो पावसात हुंडी बारदानात बांधली तरी फुटते. आदल्या दिवशी वाटेवरून एकदा फिरून या. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब, आतल्या रस्त्यांवर महावितरणच्या तारा, सोसायटीच्या गेटची कमान. एका झाडाला मी अशाच कमानीखाली दीड तास ट्रेलरवर उन्हात उभं राहताना बघितलंय.

आणि सगळीच झाडं हलवण्याजोगी नसतात. वड, पिंपळ, उंबर, चाफा खुशाल हलवा. नारळही, फक्त त्याला फुटायचा कोंब एकच असतो, तो दुखावला की संपलं. कडुनिंब, करंज काळजीने. जुना आंबा, चिंच आणि फणस यांच्यावर मी पैसे घ्यायला तयार होत नाही, जागा बदलता येत नाही का ते आधी विचारते. तणासारख्या कुठेही उगवणाऱ्या सुबाभळीसाठी क्रेन मागवणाऱ्यांना काय बोलावं कळत नाही.

किती दिवस वाट बघायची

दोन पावसाळे. पहिल्या वर्षी पानं लहान, विरळ आली तर ते चांगलं लक्षण. आपल्या ऐपतीत राहिलंय. दुसऱ्या मार्च-एप्रिलच्या उन्हात पानं टिकली आणि फांद्यांच्या टोकांना नवी वाढ आली की मग लागलं म्हणा. तोपर्यंत कंत्राटदाराची शेवटची रक्कम रोखून ठेवा, करारातच तसं लिहा.

दोन पावसाळ्यांनंतरही बुंध्याशी हिरवं मिळालं नाही तर प्राधिकरणाला कळवून झाड काढा. पण त्याच जागी लगेच नवं लावू नका. खड्डा रिकामा झाला की त्यात पाणी भरा, एकदा जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभरही उतरलं नाही तर आधी वर सांगितलेला निचऱ्याचा पाइप टाका.